सर्जनशील समस्या-परिहार स्पर्धा, शालेय

शालेय विद्यार्थ्यांच्या लहान संघांपुढे एकच ठराविक उत्तर नसलेली समस्या ठेवून, तिचा परिहार त्यांनी स्वतःच्या कल्पनेने, परस्परांच्या साहाय्याने आणि मर्यादित साधनांत कसा केला, हे पाहणाऱ्या स्पर्धा. प्रश्नमंजूषा, प्रज्ञाशोध परीक्षा किंवा गणिताची ऑलिंपियाड यांहून त्या वेगळ्या होत. त्या परीक्षांत उत्तर परीक्षकास आधीच माहीत असते आणि विद्यार्थी एकटा असतो. येथे उत्तर कोणासच माहीत नसते आणि यश संघाचे असते, निदान तसे अभिप्रेत असते. या स्पर्धांचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात. एकात समस्या स्पर्धेचे आयोजक ठरवितात व सर्व संघांना तीच दिली जाते. दुसऱ्यात आयोजक केवळ एक व्यापक विषय देतात आणि समस्या विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातून शोधावयाची असते. पहिला प्रकार मुख्यत्वे अमेरिकेत वाढला, तर दुसरा भारतात. हा फरक वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु लहान गावातील शाळेला स्पर्धेत स्थान मिळते की नाही, हे बव्हंशी त्यावरच अवलंबून राहिले आहे.

पूर्वपीठिका : मुलाने शिकावयाचे ते खऱ्या अडचणीला तोंड देऊन, हा विचार स्पर्धांहून जुना आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ ⇨ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याने १९१० मध्ये विचारप्रक्रियेची मीमांसा करताना, अडचणीची जाणीव हाच विचाराचा आरंभ होय, असे प्रतिपादन केले. त्याचा अनुयायी विल्यम किलपॅट्रिक याने १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीची मांडणी केली. भारतात वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून ⇨ महात्मा गांधींची मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. हस्तोद्योग, निसर्ग आणि समाज यांच्या अनुबंधाने सर्व विषय शिकवावेत, ही तिची भूमिका होती. या सर्वांत समस्या जीवनातून येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्पर्धेची कल्पना मात्र त्यांपैकी कोणाच्याही मनात नव्हती.

स्पर्धांना मानसशास्त्रीय आधार मिळाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जॉय पॉल गिलफर्ड (१८९७–१९८७) याने अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून १९५० मध्ये केलेल्या भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे झालेले दुर्लक्ष निदर्शनास आणले. एकाच बरोबर उत्तराकडे जाणारा अभिसारी विचार आणि अनेक शक्यतांकडे फाकणारा अपसारी विचार, असा भेद त्याने केला. रूढ बुद्धिमापन कसोट्या पहिल्याचेच मापन करतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले. याच सुमारास ॲलेक्स ऑझबर्न (१८८८–१९६६) या जाहिरातव्यावसायिकाने गटाने कल्पना सुचविण्याची एक रीत प्रचारात आणली. कल्पना सुचत असताना त्यांवर टीका करावयाची नाही, जितक्या अधिक सुचतील तितक्या सुचवावयाच्या आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावयाची, हे तिचे नियम होत. तिला मराठीत विचारमंथन असे नाव रूढ झाले आहे. ऑझबर्न व सिडनी पार्न्स यांनी तिला पायऱ्यापायऱ्यांच्या समस्या-परिहार पद्धतीचे स्वरूप दिले आणि न्यूयॉर्क राज्यातील बफालो हे तिचे केंद्र बनले. सोव्हिएट रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत शालेय शिक्षणाविषयी जी अस्वस्थता पसरली, तिच्यामुळे या अभ्यासास शासनाचे व शाळांचे पाठबळ लाभले.

अमेरिकेतील स्पर्धा : सर्जनशीलतेच्या कसोट्यांबद्दल प्रसिद्ध असलेला मानसशास्त्रज्ञ पॉल टॉरन्स (१९१५–२००३) याने १९७४ मध्ये जॉर्जिया राज्यात भावी काळातील समस्यांच्या परिहाराचा उपक्रम सुरू केला. चार विद्यार्थ्यांच्या संघास भविष्यातील एखादा प्रसंग लिखित स्वरूपात दिला जातो. त्यातील अडचणी शोधणे, त्यांतील मूळ समस्या निश्चित करणे, उपाय सुचविणे, उपायांच्या निवडीचे निकष ठरविणे, ते लावून पाहणे आणि कृतियोजना लिहिणे, अशा सहा पायऱ्यांनी संघाने जावयाचे असते. ही स्पर्धा कागदावरची आहे.

याउलट न्यू जर्सीतील ग्लासबरो स्टेट कॉलेजमध्ये औद्योगिक अभिकल्पाचे प्राध्यापक असलेले सॅम्युएल मिक्लस यांची स्पर्धा हातांनी घडविण्याची आहे. ते आपल्या विद्यार्थ्यांना विचित्र वाटतील अशी कामे देत. त्यांतूनच १९७८ मध्ये २८ शाळांची पहिली स्पर्धा भरली. आरंभी तिच्या नावात ऑलिंपिक हा शब्द होता. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने त्यास हरकत घेतल्यामुळे ‘ओडिसी ऑफ द माइंड’ असे नवे नाव स्वीकारावे लागले. नाव हरपले तरी स्पर्धा वाढली व पुढे इतर देशांतही पसरली. सात विद्यार्थ्यांपर्यंतचा संघ काही महिने एका दीर्घकालीन समस्येवर काम करतो. उदा., बाल्सा या अत्यंत हलक्या लाकडाच्या काड्यांचा सांगाडा रचून त्यावर जास्तीत जास्त वजन पेलून दाखविणे, किंवा वाहन तयार करून ते नाट्यप्रसंगात गुंफणे. दीर्घकालीन समस्येस २००, आयत्या वेळी दिलेल्या समस्येस १०० आणि सादरीकरणाच्या शैलीस ५० गुण असतात. साहित्याच्या खर्चावर मर्यादा असते. पालकाने वा शिक्षकाने एखादी कल्पना सुचविली किंवा खिळा जरी ठोकला, तरी संघाचे गुण कापले जाऊ शकतात. १९९९ मध्ये या चळवळीत फूट पडून ‘डेस्टिनेशन इमॅजिनेशन’ ही दुसरी स्पर्धा अस्तित्वात आली. दोहोंचा साचा बराचसा सारखा आहे.

मोठ्यांच्या मदतीवरील ही बंदी हा या स्पर्धांचा सर्वांत मोलाचा नियम म्हणावा लागेल. परंतु समस्येचे मूल्य स्पर्धेपुरतेच असते. सांगाडा वजनाखाली मोडतो, तेथे त्याचे काम संपते. गावाचे वा शाळेचे काही सुटत वा बिघडत नाही.

आक्षेप : या स्पर्धांची दोन गृहीतके प्रयोगांच्या कसोटीस पूर्णतः उतरलेली नाहीत. एक, गटाने विचार केल्यास अधिक सुचते. येल विद्यापीठातील टेलर, बेरी व ब्लॉक यांनी १९५८ मध्ये चौघाचौघांच्या गटांची तुलना, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चौघांच्या एकत्र केलेल्या कल्पनांशी केली. तीत एकेकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना संख्येने अधिक भरल्या. एक जण बोलत असता इतरांना थांबावे लागते आणि तेवढ्यात त्यांची कल्पना विरते, असे त्याचे एक कारण पुढील संशोधनातून, विशेषतः डील व श्ट्रोबे यांच्या १९८७ च्या प्रयोगांतून, समोर आले. दुसरे गृहीतक, चढाओढीने सर्जनशीलतेस चालना मिळते. टेरेसा अमाबिली यांनी ७ ते ११ वर्षे वयाच्या मुलींकडून कागदी तुकड्यांची चिकटचित्रे करून घेतली (निष्कर्ष प्रसिद्ध, १९८२). उत्तम चित्रांना बक्षिसे मिळतील असे सांगितलेल्या मुलींची चित्रे, सोडतीने बक्षिसे मिळतील असे सांगितलेल्या मुलींच्या चित्रांपेक्षा कमी सर्जनशील ठरली. तेव्हा संघ आणि स्पर्धा या दोन्ही गोष्टी आपोआप हितकारक नाहीत. संघाचा खरा उपयोग कल्पना सुचण्यापेक्षा त्या पारखण्यात, कामाची वाटणी करण्यात आणि एकाच्या चुकीकडे दुसऱ्याने लक्ष वेधण्यात आहे. ज्या स्पर्धेत यास वाव मिळतो तेथे संघ सार्थ ठरतो. अन्यथा तो नावापुरता उरतो.

भारत : स्वातंत्र्योत्तर काळात शालेय विद्यार्थ्यांच्या निर्मितिक्षमतेला वाव देणारे मुख्य व्यासपीठ म्हणजे विज्ञान प्रदर्शन. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९७१ पासून बालकांसाठी राष्ट्रीय पातळीवर अशी प्रदर्शने भरविण्यास आरंभ केला. महाराष्ट्रात तालुका, जिल्हा व राज्य या पायऱ्यांनी ती भरत आली आहेत. त्यांतून अनेक चांगली उपकरणे निर्माण झाली हे खरे. पण प्रतिकृती हेच त्यांचे माध्यम असल्याने कारागिरीला, आणि पुष्कळदा पालकांच्या कारागिरीला, महत्त्व आले. खायचा सोडा व व्हिनेगर यांचा फसफसणारा ज्वालामुखी ज्याने पाहिला नाही असा प्रदर्शनाचा परीक्षक क्वचितच सापडेल.

वेगळी वाट लोकविज्ञान चळवळीतून निघाली. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागांतर्गत १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद स्थापन झाली. ऑक्टोबर–नोव्हेंबर १९८७ मधील भारत जन विज्ञान जथ्याने देशभरातील विज्ञानप्रसारक संस्था एकत्र आणल्या. महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटनेसारख्या संघटनांची पार्श्वभूमी या चळवळीस होती. या संस्थांचे जाळे १९९१ मध्ये औपचारिक रीत्या उभे राहिले. ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्राने मध्य प्रदेशात मुलांच्या विज्ञान परिषदेचा प्रयोग केला होता. तोच या जाळ्यामार्फत १९९३ पासून देशभर नेण्यात आला. हीच राष्ट्रीय बालविज्ञान परिषद.

परिषदेची रचना तिच्या उगमास साजेशी होती. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी गट करावा. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही तो करता यावा. दोन वर्षांसाठी एक मुख्य विषय दिला जाई : २००४-०५ मध्ये जलसंपदा, २००६-०७ मध्ये जैवविविधता, २०१०-११ मध्ये भूमी, २०१२-१३ मध्ये ऊर्जा, २०१४-१५ मध्ये हवामान. त्या विषयाच्या कक्षेत मुलांनी आपल्याच वस्तीतील एखादा प्रश्न निवडावा, निरीक्षणे व मोजमापे घ्यावीत, लोकांशी बोलावे, निष्कर्ष काढावेत आणि शक्य तर त्यांवर काही कृती करावी. प्रतिकृती आवश्यक नव्हती. कामाची दैनंदिन नोंदवही ठेवावी लागे. अहवाल व निवेदन आपल्या भाषेत करण्याची मुभा होती. जिल्हा, राज्य व राष्ट्र अशा पातळ्यांवर निवड होऊन वर्षअखेरीस राष्ट्रीय परिषद भरे. मूल्यमापनात कल्पनेची नवता, शास्त्रीय पद्धती, आधारसामग्री, गटकार्य आणि पाठपुरावा यांचा विचार होई. एखादा निष्कर्ष ‘अपेक्षेप्रमाणे’ न येणे हा दोष समजला जात नसे, ही शाळेच्या प्रयोगवहीत सहसा न आढळणारी गोष्ट होय.

महाराष्ट्र : राज्यात या परिषदेच्या संयोजनाचे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्ट या संस्थेने दीर्घकाळ केले. तत्पूर्वी दोन निराळ्या प्रयत्नांनी येथील भूमी तयार केली होती. पुण्यात विनायक विश्वनाथ ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. तिच्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारित कसोट्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी तयार केल्या, तर प्रशालेत प्रकल्पांना अभ्यासक्रमात स्थान मिळाले. अपसारी विचार ही कल्पना मराठी शिक्षकवर्गाच्या परिचयाची होण्यात या कामाचा वाटा मोठा आहे. प्रबोधिनीचे कार्य पुढे पुण्याबाहेर शिवगंगा व गुंजवणी नद्यांच्या खोऱ्यांत आणि वेल्हे भागातही पोहोचले. दुसरा प्रयत्न शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापिलेल्या या आश्रमाच्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती, माती-पाणी परीक्षण अशी कामे प्रत्यक्ष गावासाठी करीत. तेथे स्पर्धा नव्हतीच; गिऱ्हाईक हाच परीक्षक होता. स्पर्धेवाचूनही समस्या-परिहार शिकविता येतो, याचे हे महाराष्ट्रातील सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

समस्या शोधण्याची मुभा लहान गावाच्या दृष्टीने काय अर्थाची आहे, हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी मुलखाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांच्या या भागात वस्त्या विखुरलेल्या आणि शाळा लहान. राजगडाच्या पायथ्याचे पाली हे त्यांपैकीच एक गाव. गडाच्या पाली दरवाजास त्याचेच नाव आहे. वाजेघरावरून पालीकडे येणारी वाट गिर्यारोहकांच्या नित्य परिचयाची आहे. पावसाळ्यात येथे मुसळधार पाऊस पडतो, तर उन्हाळ्यात डोंगरावरील झरे व विहिरी आटू लागतात. ‘जलसंपदा’ हा विषय हाती आल्यावर अशा गावातील पाच मुलांना करण्यासारखे पुष्कळ असते. गावातील प्रत्येक झऱ्याची जागा नकाशावर दाखविणे. बादली आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन, बादली भरण्यास किती वेळ लागतो यावरून झऱ्याचा प्रवाह दर आठवड्यास मोजणे. घरोघरी पाणी कोण आणते, किती खेपांनी व किती वेळात, हे विचारणे. पूर्वी कोणता झरा केव्हा आटत असे, हे वृद्धांकडून जाणून घेणे. जानेवारी ते मे या महिन्यांचे आकडे आलेखावर मांडले की, कोणता झरा कोणत्या आठवड्यात साथ सोडतो हे दिसते आणि बंधारा कोठे घालावा, टाकीची दुरुस्ती कोठे करावी, यांसंबंधी ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगे काही हाती येते. यास लागणारी उपकरणे घरातच असतात. प्रयोगशाळा, विजेरी यंत्रे वा इंग्रजी यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. उलट डोंगर व माणसे यांच्या ओळखीची गरज पडते, आणि ती शहरातील विद्यार्थ्यांपेक्षा येथील मुलांपाशी अधिक असते. तयार समस्या देणाऱ्या स्पर्धेत हा लाभ त्यांना मिळाला नसता. बाल्सा लाकूड तर त्यांनी पाहिलेलेही नसते.

संघाचाही येथे खरा उपयोग होतो. पाच झरे एका दिवशी मोजावयाचे तर पाच जण हवेत. मुलीने विचारल्यास घरातील स्त्रिया मोकळेपणाने सांगतात. ज्याचा हिशेब चांगला तो आलेख काढतो, ज्याचे अक्षर चांगले तो नोंदवही सांभाळतो. वर उल्लेखिलेल्या येलच्या प्रयोगातील गटापाशी ही वाटणी नव्हती.

परिषदेच्या रचनेतील मोठा दोष नेमका याच जागी होता. गट पाच जणांपर्यंतचा असला, तरी वरच्या पातळीवर निवेदनासाठी गटप्रमुखालाच जाता येई. प्रवास व निवास यांचा खर्च आणि परिषदेचे आकारमान पाहता या नियमामागील व्यवहार समजण्यासारखा आहे. तथापि त्याचे परिणाम दूरगामी होते. गटप्रमुख निवडतानाच कोण चांगले बोलेल, कोणाला बाहेरगावी पाठविण्यास घरचे लोक तयार होतील, याचा विचार शाळेला करावा लागे. झऱ्यावर उभे राहून घड्याळ पाहणारी मुलगी आणि व्यासपीठावर आलेख समजावून देणारा मुलगा ही दोन भिन्न मुले असण्याचा संभव त्यामुळे वाढला. प्रमाणपत्र सर्वांस मिळाले, तरी देशभरातील मुलांना भेटणे, आपले काम अनोळखी परीक्षकापुढे मांडणे, चुकीचा प्रश्न आला असता तो दुरुस्त करणे, हा अनुभव एकालाच मिळे. गटकार्यास गुण देणाऱ्या परीक्षकासमोर गट कधीच नसे; त्याने तो नोंदवहीतून ओळखावयाचा.

मार्गदर्शक शिक्षकाचा प्रश्नही अमेरिकन स्पर्धांच्या तुलनेत सैल राहिला. परिषदेत शिक्षकाचे मार्गदर्शन गृहीतच धरलेले असे. ते इष्टही होते, कारण नमुना कसा निवडावा किंवा प्रश्नावली कशी करावी हे बारा वर्षांच्या मुलास आपोआप कळत नाही. पण मार्गदर्शन कोठे संपते व अहवाललेखन कोठे सुरू होते, याची रेषा आखलेली नव्हती. महाविद्यालयीन वळणाचे शब्द असलेला अहवाल आणि साध्या प्रश्नास अडखळणारा गटप्रमुख, ही जोडी अनुभवी परीक्षकांस चटकन ओळखू येई. अशा वेळी नोंदवहीतील खाडाखोड हा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरे.

२७ ते ३१ डिसेंबर २०१६ या काळात २४ वी राष्ट्रीय परिषद पुणे जिल्ह्यातच, बारामती येथे भरली. शाश्वत विकासासाठी विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम हा तिचा विषय होता. वेल्हे हे जिल्ह्याचे अतिपावसाचे टोक, तर बारामती पर्जन्यछायेतील. एकाच जिल्ह्यात पाण्याचे दोन परस्परविरुद्ध प्रश्न असावेत, ही गोष्ट स्थानिक समस्येवर भर देणाऱ्या परिषदेस अनुरूपच होती. त्यानंतरच्या विषयचक्रांत गटाची सदस्यसंख्या पाचावरून दोनवर आणण्यात आली. खर्च व व्यवस्थापन सुटसुटीत झाले. परंतु पाच झरे मोजणारा गट ज्या अर्थाने संघ होता, त्या अर्थाने दोघांची जोडी संघ होत नाही. २७ ते ३१ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबाद येथे भरलेली ३० वी परिषद या लहान गटांचीच होती.

अलीकडील उपक्रम : केंद्र शासनाच्या इन्स्पायर योजनेत (२००९-१० पासून, पुढे ‘मानक’ या नावासह) निवडलेल्या विद्यार्थ्यास आपल्या कल्पनेवर काम करण्यासाठी १०,००० रु. दिले जातात. पण ती व्यक्तिगत योजना आहे, सांघिक नव्हे. नीती आयोगाने २०१६ पासून सुरू केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते व तेथील विद्यार्थ्यांच्या तीन जणांपर्यंतच्या संघांसाठी ‘मॅरेथॉन’ स्पर्धा घेण्यात येते. तीत समस्या समाजातून शोधावयाची असल्याने बालविज्ञान परिषदेचे सूत्र पुढे चालू राहिले आहे. मात्र प्रयोगशाळेसाठी सपाट प्रदेशातील शाळेस १,५०० चौ. फुट जागेची अट असल्याने, एकदोन खोल्यांत भरणाऱ्या डोंगरी शाळा प्रारंभीच बाजूला पडतात. त्रिमितीय मुद्रक व संवेदक यांच्या वापरावरील भरामुळे उत्तर आधी व प्रश्न नंतर, अशीही उलटापालट काही वेळा होते. पाणी कोठे आटते हे न पाहताच टाकी भरल्याची सूचना देणारे यंत्र तयार केले जाते. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या संस्थापिका किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘डिझाइन फॉर चेंज’ या उपक्रमात उपकरणांची अट नाही. परिसरातील खुपणारी गोष्ट जाणणे, उपाय कल्पिणे, तो अंमलात आणणे आणि इतरांस सांगणे, अशा चार पायऱ्या मुलांच्या गटाने पार करावयाच्या असतात, आणि केलेल्या कामाची कथा पाठविताना ती कोणा एका गटप्रमुखाच्या नावाने नव्हे, तर सर्व गटाच्या नावाने पाठविली जाते.